बाई, माझा हात लाल झाला!

सांगलीच्या गावभागात ३१ वर्षं बालवाडी चालवली. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून जमिनीवर बसणं सुटलं, पण सवय सुटत नाही. बसस्टँडवर कुणाचं पोर दिसलं तरी त्याची नखं आधी बघते. मागच्या अंकात ‘खेळातून चांगल्या सवयी आणि खेळातून गणित’ या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रांची पिशवी भरली. बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत होता, म्हणून त्यातली काहीच निवडली. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणतो. पण परवा जेवायला बसताना ‘पाच चमचे आण’ म्हटलं, तर मूठभर घेऊन आला. मोजायला लावलं तर सहा चमच्यांचे नऊ झाले. त्याला गणित जमत नाही असं समजायचं का? क्लास लावू का? (एक आई, नाशिक)

क्लास नको. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचून होईपर्यंत तुम्ही चौकशी करून आला असाल.

शंभरपर्यंत म्हणणं हे गाणं आहे. तुमचा मुलगा संध्याकाळी शुभंकरोतिही म्हणत असेल, त्यातल्या ‘शत्रुबुद्धी’चा अर्थ त्याला विचारता का? तसंच हे. गाणं वाईट नाही, आकड्यांचा क्रम त्यातूनच तोंडात बसतो. पण तोंडातला आकडा आणि हातातला चमचा यांची गाठ अजून पडलेली नाही. तोंड पळतंय, बोट मागे राहतंय, म्हणून सहाचे नऊ होतात.

आज रात्री एक करून बघा. त्याच्यासमोर पाच वाट्या ठेवा आणि किती आहेत विचारा. तो बोट लावत पाचपर्यंत जाईल. लगेच पुन्हा विचारा, ‘मग किती आहेत?’ बहुतेक तो पुन्हा एकपासून मोजायला लागेल. हसू नका आणि ‘आत्ताच मोजल्यास ना!’ असंही म्हणू नका. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या वाट्या मिळून किती, हे त्याला अजून उमगायचंय. गेल्मन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली: एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा ठरलेला क्रम, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, काहीही मोजता येतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. मला हे एका शिबिरात कळलं तेव्हा नोकरीला १२ वर्षं झाली होती. त्या आधीची १२ वर्षं मीही मुलांकडून शंभरपर्यंत म्हणवून घेत होते आणि पालक खूश होते.

आमच्याकडे खाऊच्या वेळी रोज एक वाढपी असायचा. मार्केट यार्डातल्या एका हमालाची मुलगी होती, अंगानं एवढीशी, आवाज मात्र बापाचा. तिची पाळी आली की राजगिऱ्याचे लाडू वाटायला ती डब्यातून एकेका हातात एकेक लाडू घेऊन जायची, दोघांना द्यायची, परत यायची. चौदा मुलांना सात खेपा. मी काही बोलले नाही. लाडू संपायला वेळ लागायचा, बाकीची पोरं ओरडायची. गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस ती डब्याकडे न जाता ओळीसमोर उभी राहिली, एकेकाच्या डोक्यावर टप्पू मारत मोजलं, मग डब्यातून थाळीत लाडू मोजून काढले आणि एकाच खेपेत वाटले. एक उरला. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाई, एक उरलाय. कोन भायेर गेलंय?’ एक पोरगा खरंच शूला गेला होता.

तर तुमच्या मुलाला ‘पाच चमचे आण’ म्हणू नका. ‘सगळ्यांना एकेक चमचा ठेव’ म्हणा. पाच हा तुमचा आकडा आहे, ‘सगळे’ त्याच्या डोळ्यांसमोर बसलेले आहेत. बाबांना चमचा मिळाला नाही तर तो स्वतःच पळेल. आठवडाभरानं ‘किती लागतील रे?’ असं विचारा. मावशी जेवायला आली तर अजून एक कशाला, हे त्याला सांगावं लागणार नाही.

दुसरा खेळ सागरगोट्यांचा. झेलायचे नाहीत, ते वय अजून यायचंय. पाच सागरगोटे दाखवा, त्यातले काही वाटीखाली झाका. तीन दिसतायत, झाकलेले किती? सुरुवातीला तो वाटी उचलून बघेल. बघू दे. पाच म्हणजे तीन आणि दोन, चार आणि एक, असं ते हातात बसलं की पुढची बेरीज-वजाबाकी वेगळी शिकवावी लागत नाही. या वयात पाचपर्यंतचं पक्कं असणं हे शंभरपर्यंतच्या पोपटपंचीपेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं. आणि पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावणं बंद करा, एवढं माझं ऐका.

माझ्या अंगणवाडीत २८ मुलं आहेत. नळ एक, तोही दिवसाआड. हात धुण्याचं गाणं आम्ही रोज घेतो. गाणं छान होतं, हात तसेच राहतात. खेळातून काय करता येईल? (अंगणवाडी सेविका, जत तालुका)

ताई, ‘गाणं छान होतं, हात तसेच राहतात’ हे तुमचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. हात धुण्याची जेवढी प्रात्यक्षिकं मी पाहिली, त्यांतल्या निम्म्यांना ते लागू पडतं. मुलं हवेत हात चोळतात, नाच होतो, फोटो निघतो.

अडचण अशी की जंतू दिसत नाहीत. चार वर्षांच्या पोराला न दिसणाऱ्या गोष्टीची भीती घालून फार तर रात्री झोप उडवता येते. म्हणून मी हळद वापरायचे. सांगलीत हळदीला काय तोटा! चमचाभर हळद थेंबभर गोड्या तेलात कालवायची आणि मुलांच्या दोन्ही हातांना चोळायची. तळवा, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, सगळीकडे. हात पिवळेधमक. मग हात ओले करून अंगाच्या साबणाची वडी हातात द्यायची. साबण जिथे लागेल तिथे हळद लाल होते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा वर्गात एकच किंकाळी उठली, ‘बाई, माझा हात लाल झाला!’ दोघं रडायलाच लागली, त्यांना रक्त वाटलं. म्हणून आधी स्वतःच्या हातावर करून दाखवा.

आता खरी गंमत. हात बघायला सांगा: कुठे अजून पिवळं आहे? अंगठा पिवळा, बेचक्या पिवळ्या, नखांच्या कडा पिवळ्या. म्हणजे तिथे साबण पोचलाच नाही. हे सांगायला बाई लागत नाही, शेजारचं पोरगंच सांगतं, ‘तुजा अंगठा राहिला की!’ साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे हळदीचा रंग पालटतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. वडीचाच साबण घ्या. बाटलीतल्या पातळ साबणानं बऱ्याचदा रंग फिरत नाही आणि मग बाईची फजिती होते.

हा खेळ महिन्यातून एकदा पुरे. डाग एखादा दिवस राहतात, आणि कपड्यावर पडले तर जास्तच. मी हा प्रयोग एका वर्षी २६ जानेवारीच्या सकाळी, झेंडावंदनाआधी केला. पांढरे फ्रॉक, पांढरे सदरे. त्या दिवशी आयांनी मला जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

रोजच्यासाठी गाण्याऐवजी मोजणं ठेवा. दहा बोटं, प्रत्येक बोटाला दोन घासे, झाले वीस. सावकाश केलं तर डॉक्टर सांगतात ती वीस सेकंदं होऊन जातात. शिवाय एका घाशाला एक आकडा, हे वर नाशिकच्या बाईंना सांगितलेलं गणित इथे साबणाच्या फेसात होतं. एखादं बोट राहिलं तर मोजणी अठरावर अडते आणि मूल स्वतः शोधतं, कुठलं बोट राहिलं.

पाण्याचं म्हणाल तर तिथे खरा हिशेब आहे. आधी सगळ्यांचे हात ओले करा, एक पोर तांब्या धरेल. मग पाणी बंद. साबण आणि वीस घासे बिनपाण्याचे, ओट्यावर बसून. शेवटी धुवायला पुन्हा एक धार. तेलाच्या पाच लिटरच्या जुन्या कॅनला तळाजवळ भोक पाडून त्यात काडी घालून ठेवलीत तर नळाची गरज नाही. काडी काढायची, धुवायचे, काडी लावायची. ‘किती कॅन लागले आज?’ हे फळ्यावर रेघा ओढून रोज लिहा. पहिल्या दिवशी चार रेघा होत्या आणि आज तीनच, हे बघायला मुलांना फार आवडतं. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या पायमोज्यात भरून तो पायमोजा कॅनशेजारी टांगा. हातातून निसटून मातीत पडत नाही.

आणि पुसणं! इथेच सगळं ओमफस होतं. धुतलेले हात पोरं ढुंगणाला पुसतात. प्रत्येकाला घरून जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणायला सांगा, त्यावर ज्याचं त्याचं चित्र: मासा, चप्पल, आंबा. तुकडे कमी पडले तर हात दहा वेळा झटकायचे, मोजून.

तुमच्या कामाच्या नावाबद्दल थोडं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि वस्तीतली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून या बायकांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. तिथे आंघोळ, नखं, केस हेही शिक्षणच होतं, त्यासाठी वेगळा तास नव्हता. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. वरून येणारे तक्ते भरताना हे विसरायला होतं, म्हणून लिहिलं.

नातू साडेचार वर्षांचा. शाळेची फी भरमसाट, वही मात्र कोरी. विचारलं तर ‘आमच्याकडे प्ले-वे आहे’. आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, पाठ असायचे. याला एकोणपन्नास म्हणजे किती हेही माहीत नाही. मी घरी घोकून घेऊ का? (एक आजोबा, डोंबिवली)

आजोबा, नमस्कार. फीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

घोकून घेण्याबद्दल मात्र नाही. पावकी-निमकीचं मला कौतुकच आहे, माझे वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते आणि आकडेमोड ओठांवर व्हायची. पण तुम्ही ती साडेचाराव्या वर्षी शिकलात का, जरा आठवून बघा.

एकोणपन्नासचं म्हणाल तर त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. आपल्या भाषेत एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधिमंडळापर्यंत गाजलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की मुलांना सोपं जावं म्हणून हे आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही असू द्यावं. एकोणतीस हा शब्द मला टाकवणार नाही, त्यात ‘तिसाला एक कमी’ हे गणित दडलेलं आहे. पण ते कळायला आधी तीस म्हणजे किती ते हातानं कळलेलं असावं लागतं. साडेचार वर्षांच्या पोराला एवढी घाई कुठे आहे?

वही कोरी आहे कारण बोटं अजून तयार नाहीत. त्यांना कणीक मळू दे, मटार सोलू दे, कपडे वाळत घालताना चिमटे लावू दे. चिमटा उघडायला जी दोन बोटं आणि अंगठा लागतो, तीच पेन्सिल धरतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात त्यासाठी खेळ हीच पद्धत सांगितली, म्हणजे शाळा पळवाट काढत नाहीये. अर्थात ‘प्ले-वे’ पाटीवर लिहून आत मुलांना टीव्हीपुढे बसवणाऱ्याही शाळा आहेत. एकदा दुपारी अचानक जाऊन बघा.

खेळ असला तरी त्यात मोजायचं काही कारण असावं लागतं. एक प्रसंग सांगते.

आमच्याकडे पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढलं की गावात एकच चौकशी, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. दूधवाल्यापासून आजीपर्यंत सगळे फुटांत बोलतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. बालवाडीची खोली बुडाली. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, तर भिंतीवर चॉकलेटी रेघ राहिलेली. रंगारी रंग द्यायला आला तेव्हा मुलं म्हणाली, ती रेघ ठेवा.

मग पंधरा दिवस दुसरं काही शिकवावंच लागलं नाही. प्रत्येक जण भिंतीला पाठ लावून उभा. ‘पूर माझ्यापेक्षा मोठाय!’ किती मोठा? कुणी वितीनं मोजलं, कुणी पाटीनं. एका पोराच्या सहा विती, दुसरीच्या आठ. भांडण लागलं. वीत कुणाची खरी? मी मध्ये पडले नाही. दोन दिवसांनी त्यांचं त्यांनीच ठरवलं की सगळ्यांनी बाईंच्या वितीनं मोजायचं. माप सगळ्यांना सारखं लागतं, हे मी बोर्डावर लिहून कधी शिकवू शकले नसते. त्याच दिवसांत पाणी उकळून प्यायचं चालू होतं. पातेल्यात बुडबुडे कधी येतात ते लांबून बघायचं आणि उकळी आल्यावर साठपर्यंत सावकाश मोजायचं. शंभरचं गाणं तिथे कामाला आलं, हे कबूल करते.

तुमच्या डोंबिवलीला आयर्विन नाही, पण भाजीबाजार आहे. पाव किलो भेंडी आणि पाव किलो पालक घ्या, दोन्ही पिशव्या नातवाच्या हातात द्या. पालकाची पिशवी फुगलेली, तरी जड कुठली? तो पालकाचीच म्हणेल. म्हणू दे, दुकानदाराला पुन्हा काट्यावर ठेवायला सांगा. तुमची पावकी अशी त्याच्या हातात जाईल. घोकायला पुढे अख्खं आयुष्य आहे.

आम्ही स्टुटगार्टला राहतो. मुलगी किटामध्ये (इथल्या बालवाडीत) जर्मनमध्ये मोजते, घरी मराठीत. गोंधळ होईल का? एकच भाषा ठेवू का? (एक आई)

ठेवू नका, दोन्ही चालू द्या. तुमचं तर नशीब चांगलं आहे. जर्मनमध्ये पस्तीसला ‘पाच-आणि-तीस’च म्हणतात ना? आपल्या पस्तीसमध्येही पाच आधी आणि तीस नंतर. इंग्रजी शाळेतल्या इथल्या मुलांचा जो गोंधळ होतो तो तुमच्याकडे निम्मा. एकोणतीस-एकोणचाळीस तेवढे जर्मनमध्ये सापडणार नाहीत, ते जिने चढताना म्हणा. पायऱ्या मराठीत, लिफ्टचे मजले जर्मनमध्ये, असं काहीतरी ठरवून टाका.

मुलगी डबा तसाच परत आणते. बिस्किट आणि वेफर्स सोडून काही नको. घरी मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. फळ तर बघतसुद्धा नाही. (एक आई, इचलकरंजी)

मोबाइलचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त पडदा नको, तोही कमी असेल तितकं बरं. शिवाय दिवसाकाठी तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोप. जेवतानाचा मोबाइल बंद केलात तर दोन-तीन दिवस ती उपाशी उठेल. तुम्हालाच जास्त त्रास होईल. बाळ व्यवस्थित वाढत असेल तर त्यानं काही बिघडत नाही. वजन घटत असेल तर मात्र माझं पत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

फळाचं असं करा. चिकू आणा. कापण्याआधी विचारा, आत बिया किती? तुम्ही सांगा तीन, ती सांगेल शंभर. कापा. कधी दोन निघतात, कधी पाच, कधी एकही नाही. बिया तुम्ही काढा, टोकदार असतात. दुसरा चिकू, पुन्हा अंदाज. आमच्याकडे ‘बी किती’ दर शुक्रवारी व्हायचं. चिकू, सीताफळ, पेरूच्या वेळी तर मोजणाऱ्यांनी हात टेकले. एक मुलगा दोन महिने नुसते अंदाज सांगायचा, फळाला हात लावायचा नाही. एकदा त्याचा अंदाज बरोबर आला, चार म्हणाला आणि चारच निघाल्या. त्या आनंदात ‘माझा चिकू’ म्हणून त्यानं तो खाऊन टाकला. खाल्लं की फळ, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा संपलं होतं.

डबा तिला भरू द्या. तीन कप्पे, प्रत्येकात वेगळं काहीतरी, एका कप्प्यात बिस्किट चालेल पण एकच. स्वतः भरलेला डबा उघडताना मुलांचा तोराच निराळा असतो. आणि बाई म्हणून एक आगाऊपणा: उरलेलं परत आलं तर डबा बघून तोंड वाकडं करू नका.

ब्रश बघितला की मुलगा तोंड घट्ट मिटतो. वय साडेतीन. (एक बाबा, रत्नागिरी)

दुधाचे दात वीस. वरती दहा, खाली दहा. ब्रश तुम्हीच करून द्या, पण प्रत्येक दाताला हाक मारा: ‘एक नंबर हजर? दोन नंबर हजर?’ हजेरी घ्यायला तोंड उघडावंच लागतं. पेस्ट वाटाण्याएवढी. नंतर त्याला तुमच्या दातांची हजेरी घेऊ द्या, आरशासमोर. तुमचे बत्तीस निघतात की कमी, तेही कळेल.

घरी मोजायला चिंचोके, हरभरे, मणी दिले तर चालेल ना? धाकटा दीड वर्षाचा आहे. (एक आई, लातूर)

नाही. या एका प्रश्नाला मी सरळ नाही म्हणते.

आमच्याच बालवाडीत, माझ्या डोळ्यांदेखत, एका पोरानं मोजायला दिलेला हरभरा नाकात घातला. मी शेजारच्या दोघांची भांडणं सोडवत होते. घरी कुणाला सांगितलं नाही. हरभरा ओलाव्यानं फुगतो, आतल्या आत मोठा होतो. दोन दिवसांनी नाकातून घाण वास यायला लागला तेव्हा आईच्या लक्षात आलं, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो काढला. पोरगं आता कॉलेजात आहे, रस्त्यात भेटलं की मला ‘हरभरा’ म्हणून हसतं. मला अजून हसू येत नाही. त्या दिवसापासून तीन-चार वर्षांच्या गटात लहान बी, मणी, गोळी, बटण सेल असलेलं खेळणं, सगळं बंद केलं. नाकात काही गेलंय अशी शंका आली तर घरी चिमट्यानं किंवा काडीनं काढायला जाऊ नका, आत ढकललं जातं. थेट डॉक्टर. अख्खे शेंगदाणेसुद्धा लहानग्यांना खायला नकोत, कूट करून द्या. वर सागरगोटे सांगितले, तेही धाकटा झोपलेला असताना आणि तुम्ही समोर बसून.

मोजायला घरात मोठ्या वस्तू कमी आहेत का? वाट्या, बटाटे, उशा. माझी आवडती म्हणजे दारातल्या चपला. मोजता येतात, लहान-मोठ्या लावता येतात, जोड्या जुळवता येतात, एक पायातली हरवली तर शोधता येते. खेळून झालं की हात धुवायला कारण मिळतं. आणि नाकात जात नाहीत.